रिठा निर्दोष होता, दादा

दादा, अल्लीपुरातली तुझी माणसं तुझ्या नावानं एक स्मरणिका काढणार आहेत. मला निरोप आला, ‘ताई, तुम्ही सख्ख्या बहीण, त्यात नाक-कान-घशाच्या डॉक्टर. दोन पानं तुम्हीच लिहा. भाऊंच्या सेवेबद्दल चांगलं लिहा.’ चांगलं लिहायला म्हणून मी बसले आणि पहिल्याच ओळीपाशी अडले, कारण मला तुझा राग येतो आहे. तू गेल्यावर तो ओसरेल असं वाटलं होतं. उलट वाढला आहे. तेव्हा हे त्यांना देणार नाही. हे तुलाच लिहिते आहे. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडायची तुला सवय होती. आता निदान पूर्ण ऐकून घेशील.

सुरुवात तुझ्या बाजूनं करते, नाहीतर म्हणशील सुजीनं सगळं विसरून लिहिलं. नाही विसरले. लहानपणी मी बारमाही शेंबडी होते. शाळेत माझ्याशेजारी कोणी बसत नसे. आई पहाटेच मजुरीला जायची, तिला माझ्या नाकाकडे बघायला सवड कुठली. तू मला विहिरीच्या काठावर बसवलंस, माझी एक नाकपुडी बोटानं दाबलीस आणि दुसरी शिंकरायला शिकवलंस. “जोरात नाई, सुजे. हळू. जोरात केलं तं कानात जाते थे.” आजही माझ्या हिंगणघाटच्या दवाखान्यात येणाऱ्या पोरांना मी हेच शिकवते, आणि दरवेळी तुझा ओला हात आठवतो. मला चिडवणाऱ्या पोराला तू शाळेच्या फाटकाशी धरून बदडलंस तेही आठवतं. हे सगळं खरं आहे. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागतं.

तू आरामशीनवर लागलास तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. दिवसभर सागवानाचे ओंडके करवतीखाली सरकवायचे आणि त्या भुशात उभं राहायचं. घरी यायचास तेव्हा तुझ्या भुवयाही पिवळ्या दिसायच्या. वर्षा-दोन वर्षांत तुझं नाक बंद झालं ते कायमचंच. तू तोंड उघडं ठेवून झोपायचास. जेवताना मध्येच थांबून श्वास घ्यायचास. दवाखाने केलेस, गोळ्या खाल्ल्यास, काही दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. मग मित्रांबरोबर गिरडला गेलास आणि तिथे टेकडीच्या पायथ्याशी कोणा म्हाताऱ्यानं तुला रिठ्याचं पाणी नाकात घालायला सांगितलं.

तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. भिजवलेला रिठा तू कुस्करलास, फेस बाजूला केलास, पाणी गाळलंस आणि अंगणातल्या बाजेवर मान मागे टाकून थेंब सोडलेस. मग ओरडत उठलास. डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या. आई घाबरून तुझ्या पाठीवर हात मारत होती. बऱ्याच वेळानं तू शांत झालास, तोंड मिटलंस, नाकानं श्वास घेतलास आणि तसाच उभा राहिलास. “सुजे, मले निंबाच्या फुलाइचा वास येऊन राह्यला!” मी तुझ्याबरोबर अंगणभर नाचले होते.

त्यात चमत्कार नव्हता आणि खोटंही काही नव्हतं, हे मला पुढे शिकल्यावर कळलं. रिठ्याच्या सालीत साबणाचा गुण असतो. आपल्या आजीनं त्यानंच केस धुतले, लुगडी धुतली. पाण्याचा ताण मोडायचा आणि चिकटलेलं सोडवायचं, एवढंच त्याचं काम. जुनाट सर्दीत शेंबूड डिंकासारखा घट्ट होतो आणि त्याच्याआड जंतू स्वतःभोवती एक बुळबुळीत थर धरून बसतात, सिमेंटच्या टाकीला आतून शेवाळ धरतं तसा. तो थर साध्या पाण्यानं हलत नाही, गोळ्यांनाही सहसा दाद देत नाही. साबणासारखं काही लागलं तर सुटतो. तुझा सुटला. पण नाकाच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती सारखी हलत असते आणि घाण मागे घशाकडे ढकलत असते. रिठ्याचं कडक पाणी तिला जाळतं. आणि वर, नाकाच्या छताशी, वास कळणाऱ्या नसा असतात. त्या त्याहून नाजूक.

डॉक्टर होऊन मी हिंगणघाटला बसले तोवर तू ‘नाकवाले भाऊ’ झाला होतास. दर रविवारी आपल्या ओसरीत रांग. कोणी समुद्रपूरकडून, कोणी पार तळेगावहून एसटीनं आलेलं. तू एक रुपया घेत नव्हतास, आणि तेच मला सर्वात जड गेलं. पैसे उकळणाऱ्या माणसाशी भांडता येतं. फुकट देणाऱ्याशी भांडलं की आपणच वाईट ठरतो. पहिल्याच रविवारी मी तुला बाजूला घेऊन हे सगळं सांगितलं, लव, नसा, सगळं. तू खाली मान घालून ऐकलंस.

“म्हंजे रिठा काम करते,” तू म्हणालास.

“दादा, मी दुसरंही सांगितलं.”

“पह्यलं तं सांगितलं ना.”

तुला थांबवावं म्हणून मी आणखी खोलात गेले. म्हटलं, दादा, शरीर स्वतःच असा साबणासारखा पदार्थ करतं. फुप्फुसात तो असतो म्हणून श्वास सोडल्यावर फुप्फुसाचे बारीक फुगे चिकटून बसत नाहीत. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळात तो पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून त्याला श्वास घेता येत नाही. तसलाच पदार्थ नाकाच्या अस्तरातही तयार होतो. तो शेंबूड वाहता ठेवायला मदत करतो, त्यातला काही भाग जंतूंना धरून ठेवतो. जुनाट आजारात त्याचं प्रमाण बिघडतं. कसं आणि का, ते आम्हालाही अजून नीट उमगलेलं नाही. म्हणून सांगते, जिथे निसर्ग इतक्या बेतानं काम करतो तिथे तू चमच्यानं ओतू नकोस.

तू मन लावून ऐकलंस. मला वाटलं, पटलं. पुढच्या रविवारी वहिनीला द्यायला मी हळद घेऊन आले तर तू रांगेला सांगत होतास, “माही बहीण मोठी डाक्टर हाये हिंगणघाटले. थे म्हणते का निसर्गानं सगळ्याइच्या नाकात साबण देल्ला हाये. तुमचा सरला. मी भरून देतो.” लोक हसले. तू माझ्याकडे पाहून डोळे मिचकावलेस. त्यानंतर कितीतरी महिने माझ्या दवाखान्यात लोक येऊन सांगायचे, “म्याडम, साबण सरला जी, भाऊनं पाठवलं.” तुला ती गंमत वाटली. माझ्या अभ्यासाची तू जाहिरात केलीस, दादा, आणि तीही मी जिच्या विरोधात उभी होते त्या गोष्टीसाठी.

मग तुला कुणीतरी सांगितलं की मी एका पेशंटला ऑपरेशननंतर नाक धुवायच्या मिठाच्या पाण्यात लहान मुलांचा सौम्य शाम्पू थेंबभर घालायला सांगितला होता. तू दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात हजर. पेशंट बसलेले, त्यांच्यादेखत मोठ्या आवाजात म्हणालास, “तू शाम्पू घालते थे औषध, अन् मी रिठा घालतो थे जहर? काऊन? मी आरामशीनवाला म्हणून?”

मी तुला आत नेलं आणि सांगितलं. सांगितलं की मी आधी दुर्बीण घालून नाकात पाहते. हट्टी, कशालाच न जुमानणारा थर असेल तरच आणि तोही अगदी सौम्य देते. त्या पेशंट बाईला वास कमी येतो असं वाटलं, त्या दिवशी मी तो बंद केला. तू कोणाच्या नाकात पाहतोस? आत हाड वाकडं आहे, मांस वाढलंय, की आणखी काही आहे, तुला कसं कळतं? तू नुसतं ओततोस. “आधी पाहा, दादा. पाहिल्याशिवाय घालू नको. माझं एवढंच म्हणणं आहे.”

“तुयी दुर्बीण महाग,” तू म्हणालास. “माह्याकडे येते थो गरीब हाये.”

गरिबाच्या नाकात न पाहता काहीही ओतायचं, ही तुझी गरिबांवरची माया. याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, कारण बाहेर पेशंट होते. आता देते आहे.

आणि शोभावहिनी. तिच्याबद्दल तुझ्या स्मरणिकेत एक ओळ येईल, ‘भाऊंच्या सेवेत मोलाची साथ.’ वहिनीला कापसाच्या हंगामात शिंका यायच्या, एवढाच तिचा आजार. तू तिलाही रिठा घातलास, सालोसाल, आणि घरचीच म्हणून जास्त कडक. एकदा मी अंगणात तिच्याशेजारी हरभऱ्याची भाजी निवडत बसले होते. तुमच्या मिलिंदची मुलगी तेव्हा नुकतीच झाली होती आणि वहिनीच्या मांडीवर झोपली होती. वहिनी वाकून तिच्या टाळूशी नाक नेत होती, पुन्हा पुन्हा. मग हळूच मला म्हणाली, “ताई, हिच्या डोक्याले वास येते का हो?”

मी वाकून हुंगलं. तेलाचा, दुधाचा, कोवळ्या कातडीचा तो वास. म्हटलं, “येतो.”

“कसा येते? मिलिंदच्या येत होता तसाच?” ती म्हणाली. “मले काईच येत नाई. फोडणी जळली तरी समजत नाई. याइले सांगू नका.”

मी त्याच दुपारी तुला सांगितलं. तू ओसरीवर सुपारी कातरत होतास. “वास गेला तं गेला,” तू म्हणालास. “नाक मोकळं हाये ना तिचं?” वहिनी दारात उभी होती. ती हसली. बायका नवऱ्याची बाजू राखायला जशा हसतात तशी. दादा, इतर सगळं एकवेळ बाजूला ठेवीन, पण ते वाक्य मी तुला माफ करणार नाही. तू वाईट माणूस असतास तर मला सोपं गेलं असतं. तू वाईट नव्हतास. तू फक्त आपलं खरं ठरवायच्या नादात घरातल्या बाईचं नुकसान हसण्यावारी नेलंस.

त्याच नातीच्या पहिल्या वाढदिवसाला मला तुझा दुपट्टा दिसला. तू केक कापणाऱ्या पोरांच्या मागे उभा होतास आणि दुपट्ट्यानं नाक पुसत होतास. त्यावर तांबूस डाग होते. आणि तू फक्त उजवी बाजू पुसत होतास. डोळाही उजवाच पाणावलेला. मी जवळ येऊन विचारलं, “कधीपासून?”

“काई नाई. रिठा घेतला सकाळी. आतली घाण निघून राह्यली.”

“एकाच बाजूनं निघते का घाण? दादा, एकच बाजू बंद आणि रक्त, हे आम्ही सोडत नाही. आत्ता बस. मला पाहू दे.”

बॅगेतली टॉर्च काढून मी तुझी हनुवटी धरली. तू माझा हात झटकलास. सगळ्यांच्या देखत. टॉर्च फरशीवर पडली. “चार लोकात मले पेशंट नको करू, सुजे,” तू दात आवळून म्हणालास. मग लगेच हसलास, माझ्या पाठीवर थाप मारलीस आणि पोरांना फुगे वाटायला गेलास.

त्यानंतर तू मला टाळायला लागलास. मी फोन केला की वहिनी उचलायची. मी घरी आले की तू वावरात गेलेला असायचास. जयंतीच्या मिरवणुकीत तू निळं उपरणं घालून पुढून येत होतास, मी दिसले आणि तू बाजूच्या गल्लीत वळलास. आपल्या पांढऱ्या साडीत मी भर रस्त्यात उभी राहिले आणि माझा भाऊ माझ्यापासून पळून जाताना पाहत राहिले. तेव्हा तुझा उजवा गाल सुजलेला होता. एवढ्या लांबून मला दिसला. तुझ्या घरातल्यांना दिसत नसेल का? दिसत होता. पण नाकवाल्या भाऊच्या नाकाला काय झालं, हे विचारायचं कोणी? गावातल्या लोकांना तर तू सांगत होतास, दाढ दुखते.

तू स्वतःहून आला नाहीसच. गालाची कातडी बधिर झाली, दात हलायला लागले, तेव्हा वहिनीनं तुला ऑटोत घालून माझ्याकडे आणलं. दुर्बीण आत घातली आणि पहिल्याच क्षणी मला कळलं. तुकडा काढून तपासायला पाठवला, स्कॅनला नागपूरला घेऊन गेले. गाठ नाकातून डोळ्याच्या खोबणीत आणि वर मेंदूच्या तळापर्यंत शिरली होती. सर्जननी हात जोडले. रेडिएशनचा शेक घ्या म्हणाले, वेदना कमी होतील.

परत येताना जामच्या चौकात आपण चहाला थांबलो. मिलिंद गाडीत हवा भरायला गेला होता. तू डाव्या डोळ्यानं हायवेवरचे ट्रक पाहत होतास. मग विचारलंस, “सुजे, खरं सांग. रिठ्यानं झालं का हे?”

मला खोटं बोलता आलं असतं. त्या एका खोट्यानं मी सगळे वाद जिंकले असते. म्हटलं, “नाही. लाकडाच्या भुशानं झालं असावं. वर्षानुवर्षं लाकडाचा भुसा नाकात गेलेल्यांना हा होतो.”

तू अर्ध्या चेहऱ्यानं हसलास. “मंग रिठा निर्दोष.”

“रिठा निर्दोष आहे, दादा. तू नाहीस. रिठ्यानं तुझं नाक वाहतं ठेवलं, आणि त्यात रक्त आलं तेव्हा तू त्यालाच गुण समजलास. मी समोर उभी होते. सख्खी बहीण. तुला फक्त मान वर करायची होती.”

तू माझ्या कपाकडे बोट केलंस. म्हणालास, “चहा थंडा होऊन राह्यला तुया.”

आपला वाद तिथेच राहिला. पुढचं वाक्य कोणाचं होतं, मला माहीत नाही. तुझं असावं अशी माझी फार इच्छा होती. शेकाच्या खेपांमध्ये, तुझ्या उशाशी बसून, चमच्यानं पेज भरवताना मी वाट पाहिली. ‘चुकलं’ असं तू म्हणावंस असंही नाही. तू फक्त म्हणावंस, ‘लोकाइले सांगजो, आधी दाखवा म्हणा.’ त्याऐवजी तू काय मागितलंस?

तू मिलिंदला आणि मला जवळ बोलावलंस. तोंडानं श्वास घेत घेत म्हणालास, “लोकाइले सांगजा का हार्टनं गेला.”

मी विचारलं, “काऊन?” तुझ्याशी मी तुझ्याच बोलीत बोलायचे फक्त रागावले की.

“नाकवाला भाऊ नाकानं मेला, म्हणतीन. हासतीन लोकं.”

मी नाही म्हटलं. तू तोंड भिंतीकडे फिरवलंस आणि मिलिंदचा हात आपल्या डोक्यावर ठेवून त्याच्याकडून वचन घेतलंस. मरणाऱ्या बापाला पोरगा काय नाही म्हणणार? तू आम्हाला दुःख तर दिलंसच, दादा, वर सांभाळायला एक खोटं दिलंस. आणि त्या खोट्याखाली किती माणसं आपापली बंद नाकं घेऊन तुझ्या ओसरीत येत राहणार होती, याचा विचार तुला शेवटपर्यंत शिवला नाही.

तू दुपारी गेलास. माझ्या हातात तुझा हात होता. तळवा तसाच राठ होता, करवतीच्या दिवसांतला. मी रडले. राग होता म्हणून रडू कमी आलं नाही, एवढं तुला कळावं.

पुण्यानुमोदनाला मांडव भरून माणसं. त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. जो तो उठून आपल्या नाकाची कहाणी सांगत होता. ‘हृदयविकाराच्या झटक्यानं भाऊ आपल्यातून गेले,’ असं प्रत्येकजण म्हणत होता. एक मास्तर माझ्याकडे हात करून म्हणाले, “ताईंना नाकाचं पहिलं ज्ञान भाऊंनीच दिलं.” टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी उठून मांडवामागे, भाताची पातेली उतरवत होते तिथे जाऊन उभी राहिले. मागोमाग वहिनी आली. पांढरं लुगडं, कोरडे डोळे. म्हणाली, “ताई, तुमी बसा जाऊन. लोकं पाह्यतात.” आणि मग, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, पण म्हणाली, “हार्ट. याइचं हार्ट तं बैलासारखं होतं.”

मिलिंदला वाटत होतं, आता लोक येणं बंद होईल. झालं नाही. पहिल्याच रविवारी ओसरी भरली. लांबच्या लोकांना तू गेल्याचं माहीतच नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते मिलिंदच्या मागे लागले, “भाऊची सेवा बंद नको करू रे बाबू. तुयाच हातानं टाक.” मिलिंदनं मला घाबरून फोन केला. मी दवाखाना तसाच टाकून अल्लीपूर गाठलं. पोचले तेव्हा तो पांढराफटक होऊन खांबाला टेकून उभा होता आणि त्याच्या हातात कोणीतरी रिठ्याची बाटली दिली होती.

मी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. पण वहिनी घरातून बाहेर आली. सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. तू असताना ती त्या ओसरीत कधी पाण्याच्या तांब्यापलीकडे आली नव्हती.

“आइका,” ती म्हणाली. “हे हार्टनं नाई गेले. याइले नाकाचा क्यांसर झालता. एका बाजूनं रगत येत होतं, तरी दाखवलं नाई. बहीण डाक्टर, तरी दाखवलं नाई. थे रिठा टाकत राह्यले. अन् माहा वास गेला. मले नातीचा वास येत नाई. आता या घरात कोणाच्या नाकात काई टाकणार नाई कोणी. ज्याले दाखवाचं हाये त्यानं ताईले दाखवा.”

मिलिंदनं बाटली खाली ठेवली. एक म्हातारा काठी आपटत उठला. “मेल्या माणसाले बदनाम करता? देवमाणूस होता थो!” तो गेला, त्याच्यामागे आणखी काही गेले. जाताना एकजण मला ऐकू येईल असं बोलला, “दवाखाना चालवाचा हाये ना.” तू ऐकायला हवं होतंस, दादा. तुझी माणसं तुझ्याच बायकोला काय काय म्हणाली ते तू ऐकायला हवं होतंस. वहिनीनं पदर नीट केला आणि उरलेल्यांना पाणी आणायला ती आत गेली.

उरलेल्यांना मी तिथेच, अंगणातल्या उजेडात, बाजेवर बसवून पाहिलं. साध्या सर्द्या, वाढलेलं मांस, एका पोरीच्या नाकात अडकलेला ज्वारीचा दाणा. शेवटी एक सुतारकाम करणारा माणूस बसला. शेजारच्या गावचा, दारं-चौकटी करणारा. म्हणाला, डावी बाजू बंद असते, मधून लाल येते, भाऊकडून दोनदा रिठा घेऊन गेलतो. मी आत पाहिलं आणि त्याला त्याच दिवशी माझ्या गाडीत हिंगणघाटला आणलं.

त्याच्या नाकात जे निघालं ते तुझ्यात निघालं तेच आहे. पण लहान आहे. खोबणीपर्यंत गेलेलं नाही. डोळा राहील, टाळू राहील, माणूस राहील असं नागपूरचे सर्जन म्हणतात. काल तो ऑपरेशनची तारीख घ्यायला आला होता. बायको सोबत होती. निघताना दारात थबकला आणि संकोचून विचारलं, “म्याडम, एक विचारू का? भाऊले तुमी काऊन नाई वाचवलं?”

त्याची बायको त्याचा हात ओढत होती. मी त्याला उत्तर दिलं. तुलाही तेच देते, दादा, म्हणजे आपलं बोलणं संपेल.

म्हटलं, “तुम्ही मला नाक दाखवलंत. त्यानं शेवटपर्यंत मला फक्त बहीण म्हणून ठेवलं.”